‘सर, गाडी आहे!’

प्रॅक्टिकल सुरू होऊन पाऊण तास झालेला असतो. ब्यूरेटमधलं तिसरं रीडिंग अजून यायचं असतं. तेवढ्यात मागच्या टेबलवरून आवाज येतो, ‘सर, गाडी आहे.’ सर काही विचारत नाहीत, नुसती मान डोलवतात. दोघी-तिघी ॲप्रन घडी करत बाहेर पडतात. उरलेलं रीडिंग उद्या कुणाच्या तरी जर्नलमधून उतरवलं जातं.

यवतमाळ, पुसद, दारव्हा, वणी... जिल्ह्यातल्या कुठल्याही कॉलेजात जा, ‘सर, गाडी आहे’ हे वाक्य ऐकू येईलच. एनएसएसच्या मीटिंगमध्ये, गॅदरिंगच्या प्रॅक्टिसमध्ये, लायब्ररीत. अप-डाउन करणाऱ्या पोरांचं कॉलेज शेवटच्या तासाला संपत नाही, ते शेवटच्या गाडीच्या वेळेला संपतं. गाडी साडेचारची असेल तर चारच्या प्रॅक्टिकलला अर्थ नाही. मग सायन्सऐवजी आर्ट्स बरं, असं घरात ठरतं. ते ठरवताना कुणी मार्कशीट बघत नाही, टाइमटेबल बघतात. तेही एसटीचं.

म्हणून आज करिअर, कटऑफ, कोर्स हे सगळं बाजूला ठेवून गाडीबद्दल बोलू. ती कुठून येते, कुणाच्या पैशावर चालते, का बंद होते आणि ती चालू राहावी म्हणून आपण काय करू शकतो?

रेल्वे आहे, पण आपल्याकडे नाही

आधी नकाशा बघू. यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके. क्षेत्रफळ साडेतेरा हजार चौरस किलोमीटरच्या वर. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७ लाख ७२ हजार. यवतमाळहून पुसद साधारण शंभर किलोमीटर, उमरखेड त्याच्याही पुढे. दुसऱ्या टोकाला वणी, तेही शंभरच्या वर. एवढ्या पसरलेल्या जिल्ह्यात प्रवासी रेल्वे म्हणाल तर ती अगदी कडेकडेने जाते. वणीला रुळ आहेत, माजरीहून पिंपळखुटीमार्गे आदिलाबादकडे जाणारे. पण कोळशाच्या त्या पट्ट्यात रुळांचा जास्त वापर मालगाड्यांना. खुद्द यवतमाळच्या माणसाला मुंबईची गाडी पकडायची तर आधी बसने धामणगाव रेल्वे गाठायचं, म्हणजे शेजारचा अमरावती जिल्हा. ‘रेल्वेने आलो’ असं सांगणाऱ्याच्या प्रवासात पहिला आणि शेवटचा तास बसचाच असतो.

असं नेहमीच नव्हतं. यवतमाळात रेल्वे होती. तिचं नाव शकुंतला.

शकुंतला का थांबली?

आजोबांना विचारा, ते हसत हसत सांगतील. चालत्या गाडीतून उतरायचं, रुळाकडेची बोरं तोडायची आणि पळत येऊन पुन्हा चढायचं. किस्से थोडे वाढवून सांगितलेले असतील, पण गाडी खरोखरच हळू होती.

यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर आणि तिथून अचलपूरपर्यंत आणखी ७६. अडीच फूट रुंदीचा हा नॅरोगेज मार्ग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाकला गेला तो वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या मुख्य लाइनपर्यंत नेण्यासाठी. तो कापूस पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जायचा. गंमत म्हणजे या गाडीला ज्या वाफेच्या इंजिनाने सत्तर वर्षं ओढलं तेही मँचेस्टरलाच बनलेलं, १९२१ साली. १९९४ च्या एप्रिलमध्ये ते निवृत्त झालं आणि डिझेल इंजिन आलं.

या मार्गाची मालकी सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी या खासगी कंपनीची. मागे किलिक निक्सन ही ब्रिटिशकाळातली पेढी. देशातल्या बाकी रेल्वे कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या, ही मात्र करारावर राहिली. गाडी चालवायची भारतीय रेल्वेने आणि मार्गाच्या वापराचा मोबदला द्यायचा कंपनीला. आता असा मार्ग दुरुस्त कोण करणार? मालकाला घाई नाही आणि चालवणाऱ्याला दुसऱ्याच्या रुळावर पैसा घालायचा नाही. रुळ जुने होत गेले, वेग कमी करावा लागला. दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला पोचायला निम्मा दिवस जायला लागला. ज्याच्याकडे बसचे पैसे होते तो बसकडे वळला. उरले ते तिकीट स्वस्त म्हणून येणारे मजूर, बाजारहाट करणारी माणसं, भाजीच्या पाट्या घेऊन निघालेल्या बाया. प्रवासी कमी म्हणून खर्च नाही, खर्च नाही म्हणून गाडी हळू, गाडी हळू म्हणून प्रवासी आणखी कमी. गेल्या दशकात गाडी थांबली. २०१६ मध्ये रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी या मार्गाच्या ब्रॉडगेजची घोषणा केली, पण यवतमाळातून त्या रुळावर अजून ब्रॉडगेजची गाडी सुटलेली नाही.

शकुंतलेवर लेख खूप झाले, बहुतेक सगळे हळवे. आपल्याला त्यातून एकच गोष्ट उचलायची आहे. शेवटच्या वर्षांत गाडीत गर्दी कमी होती, याचा अर्थ लोकांना गाडी नको होती असा नाही. त्यांना चालणारी गाडी हवी होती. ‘प्रवासी नाहीत म्हणून सेवा बंद’ आणि ‘सेवा नीट नाही म्हणून प्रवासी नाहीत’ या दोन वाक्यांतलं आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं, हे ओळखायला शिकायचं. कारण हेच आता आपल्या गावच्या बसच्या बाबतीत होऊन राहिलं.

कळंबपर्यंत आली, पुढे?

दरम्यान नवी रेल्वे येऊन राहिली आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड, २८४ किलोमीटरचा ब्रॉडगेज मार्ग. देवळी, कळंब, यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, हदगाव अशी गावं जोडत नांदेडला जाणारा. २००८-०९ च्या सुमारास मंजुरी मिळाली. खर्चाचा वाटा केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. म्हणजे दोन्ही सरकारांनी दर बजेटमध्ये आपापला हप्ता टाकायचा. एकाचा मागे पडला की कामाला खीळ. शिवाय जमीन घ्यायची, डोंगरातून बोगदे काढायचे, नद्यांवर पूल बांधायचे. पहिला टप्पा, वर्धा ते कळंब, सुरू व्हायला २८ फेब्रुवारी २०२४ उजाडलं. पंतप्रधानांनी यवतमाळच्या कार्यक्रमातून त्याचं उद्घाटन केलं.

मंजुरी मिळाली तेव्हा पहिलीत असलेली पोरं हा टप्पा सुरू होईपर्यंत कॉलेज संपवून बाहेर पडली होती! आणि कळंबला रेल्वे आली तरी ती वर्ध्याला जाते. कळंबची मुलगी यवतमाळच्या कॉलेजला येते, ती बसनेच. रेल्वे यायलाच हवी, पुसद-उमरखेडसाठी तर तिचं मोल मोठं आहे. पण तुमची डिग्री तीन-चार वर्षांत संपणार. तेवढ्या वर्षांत तुमच्या हातात आहे ती लाल गाडी.

भारमान नावाचा पेपर

एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला धावली. यवतमाळ विभागात आज पुसद, उमरखेड, दिग्रस, दारव्हा, नेर, वणी, पांढरकवडा, राळेगाव अशी आगारं आहेत. गावची गाडी सुटणार की नाही हे या आगारांत ठरतं, आणि ठरवताना एक शब्द कायम मध्ये येतो. तो म्हणजे भारमान. सोप्या भाषेत, गाडीच्या एकूण जागांपैकी सरासरी किती भरल्या. ४४ सीटच्या गाडीत सरासरी २२ माणसं बसली तर भारमान ५० टक्के.

आता कॉलेजची गाडी घ्या. सकाळी गावातून निघते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. पण ती गावात आली कशी? पहाटे आगारातून रिकामी. संध्याकाळी उलट, जाताना ठासून भरलेली आणि परत येताना ड्रायव्हर-कंडक्टर दोघंच. एका बाजूने शंभर टक्के, दुसऱ्या बाजूने शून्य. सरासरी पन्नास. तुम्ही दाराच्या दांड्याला लटकून कॉलेजला आलात, तरी कागदावर तुमची गाडी अर्धी रिकामी!

यावरचा जुना उपाय म्हणजे मुक्कामी गाडी. रात्री शेवटची फेरी गावात थांबते, सकाळी तिथूनच भरून निघते आणि पहाटेची रिकामी चक्कर वाचते. पण त्यासाठी ड्रायव्हर-कंडक्टरला झोपायला खोली लागते. पाणी, लाइट, संडास लागतो. दिवसभर घाट आणि खड्डे पार करून आलेल्या माणसाला मंदिराच्या ओट्यावर डास मारत झोपवायचं आणि सकाळी पन्नास पोरांची जबाबदारी द्यायची, हे बरोबर नाही. म्हणजे मुक्कामी गाडी टिकणं जेवढं आगाराच्या हातात, तेवढंच आपल्या ग्रामपंचायतीच्याही.

आता आगाराच्या बाजूनेही बघू. राज्यभरात कोविडच्या आधी एसटीकडे १८ हजारांच्या आसपास गाड्या होत्या आणि रोजचे प्रवासी साधारण ६५ लाख. आता गाड्या १५ हजारांच्या आसपास आणि प्रवासी ५५ लाखांच्या घरात. मधल्या काळात काय झालं ते तुमच्या मोठ्या भावंडांना विचारा. कोविडमुळे बंद असलेली कॉलेजं २० ऑक्टोबर २०२१ ला उघडली आणि महिना संपता संपता एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांचं दुखणं खरं होतं, तुटपुंजा आणि वेळेवर न होणारा पगार. पण त्या पाच-सहा महिन्यांत गावं कालीपिली, ऑटो आणि बाइककडे वळली. ज्यांच्या घरी बाइक नव्हती, त्यांच्यातल्या कितीतरी मुली पुन्हा वर्गात आल्याच नाहीत.

जून २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी एसटीची श्वेतपत्रिका काढली. साचलेला तोटा दहा हजार कोटींच्या वर. तोटा म्हटलं की आपण लगेच ‘भ्रष्ट, आळशी’ म्हणून मोकळे होतो. पण कायदा काढून बघा. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यातच दोन कलमं आहेत. कलम १८ म्हणतं, लोकांना पुरेशी, कार्यक्षम आणि परवडणारी सेवा द्या. कलम २२ म्हणतं, कारभार व्यावसायिक तत्त्वांवर चालवा. झरी-जामणीच्या आडवळणाच्या गावाला गाडी नेताना ही दोन्ही कलमं एकाच वेळी पाळायची कशी? सेवा द्यावी तर तोटा, तोटा टाळावा तर गाव तुटतं. रस्ता, शाळा, दवाखाना यांना आपण ‘तोट्यात आहे’ असं म्हणत नाही. गाडीला मात्र म्हणतो.

बारावीनंतर पास महाग का होतो?

एसटीची तिजोरी तिकिटाबरोबर आणखी एका गोष्टीवर चालते, ती म्हणजे सरकारकडून मिळणारी सवलतीची भरपाई. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास. सगळ्या महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. आजी फुकट आणि आई अर्ध्या तिकिटात जाते तेव्हा उरलेले पैसे राज्य सरकारने एसटीला द्यायचे असतात. सवलतीने गाड्यांत बायांची गर्दी वाढली, हे कुठल्याही बाजाराच्या दिवशी दिसतं. लोक एसटीला कंटाळलेले नाहीत, त्यांना भाडं जड जात होतं. जानेवारी २०२५ मध्ये भाडं सुमारे १५ टक्क्यांनी वाढलं, तेव्हा अर्ध्या तिकिटाची किंमत आणखी कळली.

आता आपला मुद्दा. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेतून पास मोफत. मागास तालुक्यांत ‘मानव विकास’च्या निळ्या बस मुलींना शाळेत नेतात-आणतात. राज्यातल्या १२५ तालुक्यांत हा कार्यक्रम आहे, आपल्या जिल्ह्यातलेही तालुके त्यात आहेत. बाकी विद्यार्थ्यांना पासात ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे एक तृतीयांश भरायचे.

चांगलंच आहे. पण एक मुलगी मार्चमध्ये बारावीची परीक्षा देते तोपर्यंत तिचा पास फुकट, आणि जुलैत एफवायला ॲडमिशन घेतली की पैसे सुरू. कॉलेज बहुधा ज्युनिअर कॉलेजपेक्षा लांब, म्हणजे भाडंही जास्त. ढोबळ हिशेब करा. एका बाजूचं पूर्ण भाडं ६० रुपये धरलं तर महिन्यातल्या २४ दिवसांचे येण्या-जाण्याचे २,८८० होतात. त्याचा तिसरा हिस्सा ९६० रुपये. घरात भाऊ-बहीण दोघं कॉलेजला असतील तर दुप्पट. कापूस घरात पडून आहे, भाव नाही, अशा महिन्यात घर कुणाचा पास आधी काढतं? उत्तर आपल्याला माहीत आहे.

पैनगंगा ओलांडली की चित्र बदलतं. पांढरकवड्याच्या पुढे पाटणबोरीहून आदिलाबादकडे जा. तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून महालक्ष्मी योजनेत मुली आणि महिला राज्याच्या बसमधून मोफत जातात. कंडक्टर त्यांना शून्य रुपयांचं तिकीट देतो. हे तिकीट महत्त्वाचं आहे. बाई फुकट गेली तरी ती मोजली जाते आणि त्या मोजणीवर सरकार महामंडळाला पैसे देतं. तिथेही गर्दी वाढली, गाड्या कमी पडल्या, ऑटोवाल्यांचा धंदा बसला, तक्रारी झाल्या. फुकट केलं की सगळं सुटतं असं नाही. पण नदीच्या अलीकडे बारावीला थांबणारी सवलत ही काही निसर्गाची रेषा नाही. ती सरकारने ओढलेली आहे, आणि पुढे सरकवताही येते. निदान पदवीपर्यंत.

मे महिन्यातलं काम

‘आपण काय करणार बे, आपलं कोण ऐकते?’ असं म्हणणारा मित्र प्रत्येक कट्ट्यावर असतो. त्याला ही यादी वाचून दाखवा.

पहिलं, पास काढा आणि जूनमध्येच काढा. एसटीने पास थेट शाळा-कॉलेजात पोचवायचा उपक्रम सुरू केला आहे. कॉलेजने विद्यार्थ्यांची यादी द्यायची, पास तिथेच मिळणार. कॉलेजच्या ऑफिसला विचारा, यादी गेली का? एका गावातून ३० पास निघाले तर त्या गावातून रोज ३० पोरं येतात हे आगाराला लेखी कळतं. अर्धे पासवर आणि अर्धे ट्रिपलसीट बाइकवर असतील, तर गाडी रिकामी म्हणून बंद झाल्यावर कुणाला विचारणार?

दुसरं, अर्ज एकट्याने नको. ‘आमच्या गावाला बस सोडा’ एवढ्याने काही होत नाही. रस्त्यावरची तीन-चार गावं एकत्र करा. कोणत्या थांब्यावर किती विद्यार्थी, कॉलेज किती वाजता सुटतं, शेवटचं प्रॅक्टिकल किती वाजता संपतं हे एका तक्त्यात मांडा. त्याला प्राचार्यांचं पत्र आणि ग्रामसभेचा ठराव जोडा. अर्ज आगार व्यवस्थापकांना, प्रत विभाग नियंत्रकांना. पोच घ्यायला विसरू नका. मुक्कामी गाडी हवी असेल तर ठरावातच लिहा, खोली, लाइट, पाणी, संडास ग्रामपंचायत देईल.

तिसरं, आकडे मागा. माहितीचा अधिकार कायदा २००५ चा आहे. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. विचारायचं एवढंच, गेल्या सहा महिन्यांत आमच्या मार्गावरच्या किती फेऱ्या रद्द झाल्या, कोणत्या कारणाने, आणि भारमान किती? फेऱ्याच रद्द होत असतील तर भारमान पडणारच. मग तो कागद तुमच्या अर्जाला जोडा.

चौथं, कॉलेजशीही बोला. गाडी अर्धा तास मागे नेणं जमत नसेल तर प्रॅक्टिकलची बॅच अर्धा तास पुढे आणता येते. अप-डाउनवाल्यांची बॅच सकाळची ठेवता येते. यासाठी मंत्रालयात जायची गरज नाही, विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये जायचं.

आणि हे सगळं मे महिन्यात करायचं. जुलैत कॉलेज सुरू झाल्यावर, गाडी चुकल्यावर, स्टँडवर उभं राहून नव्हे. सत्र सुरू व्हायच्या आधी फेऱ्यांची जुळवाजुळव होते, तेव्हा तुमचा तक्ता टेबलावर असला पाहिजे.

एक गाडी तासभर उशिरा सुटली तर काय होईल? तिसरं रीडिंग घेऊन होईल. लायब्ररीत एखादं पुस्तक चाळून होईल. कबड्डीची प्रॅक्टिस होईल. आणि यंदा दहावीला असलेली गावातली एखादी मुलगी घरी सांगू शकेल की मला सायन्स घ्यायचं आहे, गाडी आहे.